तरुणांनीं सेवा करावी ती कशी?
कोयनेच्या खोऱ्यावरून एक पाठ

आमच्या मंडळ्यांतील तरुणांस परोपकार करावा असें पुष्कळदां वाटतें. परंतु त्याचा आरंभ कोठून करावा हें त्यांस ठाऊक नसतें. संकट आलें म्हणजे सर्व धांवतात, वर्गणी जमते, जुने कपडे गोळा होतात, आणि पंधरा दिवसांनीं सर्व कांहीं थंड पडतें. म्हणून या पाठांत आम्ही एकच गोष्ट वाचकांपुढें ठेवूं इच्छितों : सेवा संकटाच्या दिवशीं जन्मास येत नाहीं, ती आधीं शिकावी लागते, व नित्य करावी लागते. उपदेशक बंधूंनीं तरुण मुलामुलींस एकत्र बसवून हा पाठ वाचून दाखवावा, व शेवटच्या प्रश्नांवर त्यांस मोकळेपणानें बोलूं द्यावें.

१. प्रथम हात शेजाऱ्याचा

सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत कोयनानगर आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे साडेचार वाजण्यापूर्वीं, लोक गाढ झोपेंत असतां, तेथें मोठा भूकंप झाला. सुमारें १८० माणसें मरण पावलीं व दोन हजारांहून अधिक जखमी झालीं. धरणास तडे गेले, तरी तें फुटलें नाहीं. परंतु मातींत रचलेल्या दगडी भिंती निजलेल्यांच्या अंगावर कोसळल्या. अशा काळोखांत ढिगाऱ्याखालीं सांपडलेल्या मनुष्यास प्रथम कोणाचा हात लागतो? दूरच्या शहरांतून निघालेल्या मदतीचा नव्हे. ज्याची स्वतःची भिंत उभी राहिली त्या शेजाऱ्याचा.

याच तालुक्यांत २२ जुलै २०२१ रोजीं रात्रीं, अतिवृष्टि होत असतां, मिरगांव, आंबेघर व ढोकावळे येथें दरडी कोसळल्या आणि घरेंच्या घरें गाडलीं गेलीं. पाऊस थांबेना, रस्ते पाण्याखालीं गेलेले; त्यामुळें बचाव पथकांस तेथें पोंचणें फार कठीण झालें. डोंगरांतल्या गांवानें ही गोष्ट मनांत धरून ठेवावी कीं, बाहेरील मदत कितीही मोठी असली तरी ती उशिरां येते.

आणि येथेंच खरी अडचण आहे. या खोऱ्यांत डोंगर फार व शेती थोडी. म्हणून घरोघरचे तरुण पोटासाठीं मुंबईची वाट धरितात, आणि गांवांत वृद्ध, स्त्रिया व शाळेंत जाणारीं मुलें उरतात. मग रात्रीं हांक आली तर ओ कोणी द्यावी? जे थोडे तरुण गांवांत आहेत त्यांनीं, आणि तितक्याच हक्कानें मुलींनीं. मुलींस केवळ चहा करावयास बसवून आपण आपले अर्धे बळ वायां घालवितों, असें आम्हांस स्पष्ट सांगावेसें वाटतें.

२. दया हवी, आणि ज्ञानही हवें

कोयनेचें पाणी कऱ्हाडास कृष्णेस मिळतें व पुढें सांगलीकडे जातें. ऑगस्ट २०१९ च्या महापुरांत, त्या महिन्याच्या ८ तारखेस, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पुरांतून लोकांस बाहेर काढणारी एक नाव, तिजमध्यें प्रमाणाबाहेर माणसें बसल्यामुळें, उलटली व अनेक जण बुडाले. कोणास दोष देण्याकरितां आम्ही हें लिहीत नाहीं. त्या वेळीं दयेची उणीव नव्हती, धैर्याचीही नव्हती. परंतु नावेंत किती माणसें घ्यावीं, आणि किती जणांस "थांबा, दुसऱ्या खेपेस या" असें म्हणावें, हें पूर येण्यापूर्वींच ठरलेलें असावें लागतें. भयाच्या घटकेस तें कोणासही सुचत नाहीं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण सर्व जाणतों. त्यांतील दोन गोष्टी सहसा लक्षांत येत नाहींत. एक ही कीं, जखमेवर घालावयास तेल व द्राक्षारस त्याजजवळ होते. दुसरी ही कीं, जखमी मनुष्यास उतारशाळेंत पोंचवून तो मोकळा झाला नाहीं. पैसे दिले, आणि अधिक लागल्यास परत येतांना देईन असेंही सांगितलें. म्हणजे त्याची दया तयारीची होती, आणि शेवटास नेणारी होती.

तर मग आमच्या तरुणांनीं काय शिकावें? वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें. ज्याच्या मानेस किंवा पाठीस मार लागला असेल त्यास ओढूं नये. साप चावल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आवळूं नये. तो अवयव हलूं न देतां रोग्यास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. मांत्रिकाकडे नेण्यांत गेलेली घटका परत मिळत नाहीं. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लहान मुलांसही पाठ असावा. पावसाळ्यांत डोंगराच्या उतारावर नवीन भेगा पडल्या, झाडें कललीं, किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालें, तर ती दरडीची सूचना समजून, कोणाची वाट न पाहतां, लोकांस हलवावें. आणि अंथरुणास खिळलेले, अंध, गरोदर व एकटे राहणारे कोणत्या घरीं आहेत याची यादी आजच लिहून ठेवावी. या कामांस द्रव्य लागत नाहीं, लक्ष लागतें.

३. नित्याचें थोडें, एकदांच्या पुष्कळाहून बरें

सातारा जिल्ह्यास ही शिकवण नवी नाहीं. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढिलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवीत, आणि स्वतःच्या हातांनीं कष्टाचीं कामें करीत. दुसऱ्यासाठीं राबण्याची लाज त्या मुलांस उरली नाहीं, कारण श्रम हा त्यांच्या रोजच्या जीवनाचा भाग झाला होता.

२४ सप्टेंबर १९६९ रोजीं राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकाकडून वर्षास १२० तास सेवेची अपेक्षा असते. वाचकांनीं हिशेब करावा : आठवड्यास अडीच तासही होत नाहींत. इतका वेळ आमच्या कोणत्या तरुणाजवळ नाहीं?

आणि नित्य श्रमाचें फळ पाहावयाचें असेल तर याच जिल्ह्याच्या कोरडवाहू भागांतील वेळू (तालुका कोरेगांव) हें गांव पाहावें. २०१६ साली पाणी फाउंडेशननें गांवांगांवांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा ठेविली. तिची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे : प्रथम गांवच्या कांहीं जणांस शिक्षण, मग पंचेचाळीस दिवस गांवाचें श्रमदान. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत वेळूच्या लहानथोरांनीं कुदळ व घमेलें हातीं घेतलें, आणि पहिलें पारितोषिक त्यांच्या गांवास मिळालें. एका दिवसाच्या उत्साहानें इतकी माती हालली नसती.

४. घेणाऱ्याचा मान

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. मोठी आपत्ति आली म्हणजे फाटके कपडे, निरुपयोगी वस्तु यांचे ढीग पडतात. देणाऱ्याचें घर स्वच्छ होतें, घेणाऱ्याच्या दारीं केर सांचतो. देण्यापूर्वीं "आपणांस काय पाहिजे?" असें विचारावें, व उत्तर मिळेल तेंच द्यावें. कदाचित् त्यांस कपडा नको असेल. बुडालेल्या कागदपत्रांसाठीं अर्ज लिहून देणारा कोणी पाहिजे असेल.

कोयनेच्या लोकांविषयीं तर हें विशेषेंकरून स्मरावें. ज्यांचीं शेतें व घरें शिवसागर जलाशयाखालीं गेलीं, त्यांच्या त्यागावर महाराष्ट्रांतील कारखाने चालले व घरांत दिवे लागले. पण त्यांतील पुष्कळांस पुनर्वसनासाठीं अनेक दशकें वाट पाहावी लागली. अशा मनुष्यापुढें आपण उपकारकर्ते म्हणून उभे राहूं नये. आपण त्याचे ऋणी आहों. ऋण फेडणारा वाजतगाजत जात नाहीं, आणि धान्याची पिशवी देतांना घेणाऱ्याचें छायाचित्रही काढीत नाहीं.

कोणी म्हणेल, "आम्ही मुंबईस चाकरीवर, आम्हीं गांवाची सेवा कशी करावी?" त्यानें गांवांतील एका शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईबापांस आठवड्यांतून एकदां दूरध्वनि करावा, एका मुलाच्या शिक्षणाचा खर्च नेमानें पाठवावा, आणि सुटींत घरीं आला म्हणजे पाऊस लागण्यापूर्वीं दोन दिवस गांवच्या गटारांस व वाटांस द्यावे. दूर असणाऱ्यासही नेम पाळतां येतो.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न

१) आपल्या गांवांत रात्रीं संकट आलें तर प्रथम कोणत्या पांच घरीं धांवावें लागेल? त्यांचीं नांवें लिहा.
२) आपणांपैकीं प्रथमोपचार कोणास येतो? येत नसल्यास जवळच्या आरोग्य केंद्रांत तो शिकावयास कोण जाईल, व केव्हां?
३) आठवड्यास दोन तास आपण कोणत्या एका कामास देऊं?
४) मागें आपण कोणास कांहीं दिलें, तेव्हां त्यास काय पाहिजे हें आधीं विचारलें होतें काय?

चारही प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहून ठेवावीं, आणि एक महिन्यानें तीच वही पुन्हां उघडावी. लिहिल्यापैकीं एक जरी काम चालू असेल, तरी हा पाठ त्या गांवीं शिकला गेला असें आम्ही समजूं.