हरला की आदळआपट करतो; कराटे लावू का?

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा. आम्ही दोघंही एमआयडीसीत शिफ्टमध्ये, त्यामुळे मोबाइल त्याच्या हातातच असतो. गेममध्ये हरला की आदळआपट करतो. कराटे किंवा ज्युदोने फरक पडेल का?
– एक पालक, बुटीबोरी

उत्तर : पडेल, पण सावकाश. मोबाइलवर एका बोटाने नवा डाव सुरू होतो. मॅटवर हरल्यावर स्वतः उठावं लागतं, समोरच्याला वाकून नमस्कार करावा लागतो. ज्युदोत तर आधी पडायलाच शिकवतात : हनुवटी छातीशी, हात सपाट मॅटवर. पडण्याची सवय झाली की हरण्याची धास्तीही ओसरते.

कराटेच हवं असं नाही. कुस्ती, मल्लखांबही तेवढेच उपयोगी. आपल्या विदर्भात अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून हे प्रकार शिकवत आलं आहे.

क्लास लावण्याआधी तासभर बसून बघा. रडणाऱ्या मुलाला सर कसं सांभाळतात, ते पाहा. मारणारे, हिणवणारे असतील तर तिथे घालू नका. सुरुवातीला स्पर्धांची घाई नको. घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ असं न विचारता ‘आज काय जमलं नाही? मग काय केलंस?’ असं विचारा. जेवताना मोबाइल तुम्हीही बाजूला ठेवा. झोप, शाळा बिघडत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना जरूर दाखवा.