आतले माप : घरी बांधलेल्या सबवूफरचे धडे

चित्रपटाच्या ध्वनीतील सर्वांत खालचे स्वर, म्हणजे दर सेकंदाला साधारण २० ते १२० आवर्तने असलेले स्वर, वाजवण्यासाठी वेगळा ठेवलेला ध्वनिक्षेपक म्हणजे सबवूफर होय. होम थिएटरच्या ५.१ या आकड्यात दशांशचिन्हानंतर येणारा १ हा याच खालच्या स्वरांच्या स्वतंत्र वाहिनीचा निर्देश असतो. असा सबवूफर घरी बांधणे हे वरकरणी सुतारकाम वाटते, कारण बाजारातून आणलेला ड्रायव्हर, म्हणजे चुंबक, कॉइल आणि पडदा यांचा तयार संच, एका मजबूत खोक्यात बसवला की काम संपले अशी समजूत असते. प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयत्न याच समजुतीमुळे फसला. त्यातील जवळजवळ प्रत्येक चूक बाहेरचे माप धरून आतल्या मापाकडे दुर्लक्ष केल्यामुळे घडलेली असल्याने, पुढे जाणाऱ्यांसाठी त्या चुका येथे कारणांसह मांडल्या आहेत.

स्वर जितका खाली जाईल तितकी पडद्याची ये-जा वाढते. तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते. ही हालचाल काबूत ठेवण्याचे काम खोक्यातील हवा करते. पूर्ण बंद खोक्यात ती स्प्रिंगसारखी दाबली व ताणली जाते. नळी बसवलेल्या खोक्यात मात्र नळीतील हवा वजनासारखी आणि खोक्यातील हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि एका विशिष्ट वारंवारतेला दोन्ही मिळून जोराने डोलू लागतात. या घटनेला अनुस्पंदन म्हणतात; बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता निघणारा घुमारा हे त्याचेच घरगुती उदाहरण होय. ड्रायव्हर आणि खोके यांची सांगड गणिताने घालण्याची रीत ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात ती पूर्णत्वास नेली, म्हणून ड्रायव्हरच्या माहितीपत्रकातील आकड्यांना थील-स्मॉल गुणांक असे नाव पडले. हे आकडे हाती नसलेला ड्रायव्हर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण त्यांच्यावाचून खोक्याचे आकारमान ठरवता येत नाही.

पहिली चूक आकारमानाचीच होती. बारा इंची ड्रायव्हरसाठी ९१ लिटर हवा आणि २८ हर्ट्झचे अनुस्पंदन ठरवून सुताराला ४५ सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचे खोके सांगितले गेले. कपाट असो वा टेबल, ते जागेत मावावे म्हणून सुतार बाहेरून मोजतो आणि त्याच्या धंद्यात तेच बरोबर असते. मात्र १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या फळ्या वजा केल्यावर आतली प्रत्येक बाजू ४१.४ सेंटिमीटर उरली, म्हणजे ९१ लिटरऐवजी ७१ लिटरच हवा मिळाली. त्यातून ड्रायव्हरचा मागचा भाग सुमारे तीन लिटर, फळ्या थरथरू नयेत म्हणून आत ठोकलेले आडवे आधार साडेतीन लिटर आणि पीव्हीसीची चार इंची नळी अडीच लिटर जागा खात असल्याने प्रत्यक्षात ६२ लिटरच हाती राहिले. नळीची लांबी मात्र ९१ लिटरच्या हिशोबाने २८ सेंटिमीटर कापलेली होती, त्यामुळे अनुस्पंदन २८ ऐवजी ३४ हर्ट्झवर जाऊन बसले.

ही तफावत कानाला कळत नाही, परंतु ती पाहता येते. खोके आडवे करून पडदा वर येईल असे ठेवावे, पडद्यावर साबुदाण्याचे चार दाणे टाकावेत आणि हलक्या आवाजात एकेक वारंवारता उतरत्या क्रमाने वाजवावी. दाणे टणाटण उडत असतात, पण अनुस्पंदनाच्या वारंवारतेशी पोचताच पडद्याची हालचाल जवळजवळ थांबून नळीच्या तोंडाशी हवेचा झोत वाढतो आणि दाणे निवांत होतात. प्रस्तुत खोक्यात ते ३४ वर निवांत झाले. ही चाचणी पहिल्याच दिवशी घ्यावयाची असते. येथे ती ड्रायव्हर खराब झाल्यानंतर घेतली गेली.

ड्रायव्हर खराब होण्याचे कारणही याच चुकीत दडलेले होते. नळीच्या खोक्यात अनुस्पंदनाच्या खाली गेल्यावर हवा नळीतून नुसती आत-बाहेर करते, तिची स्प्रिंग उरत नाही आणि पडदा मोकाट सुटतो. चित्रपटातील स्फोटांमध्ये ३० हर्ट्झच्या आसपासचे स्वर भरपूर असतात. अनुस्पंदन २८ वर असते तर त्यातील बराच भाग सुरक्षित पट्ट्यात आला असता, परंतु ते ३४ वर असल्याने धोक्याच्या पट्ट्यात पडला. एका प्रसंगात कॉइलची नळकांडी चुंबकाच्या मागच्या पाटावर आपटून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि त्यानंतर पडदा बोटांनी हलकेच दाबला तरी आत कॉइल घासल्याची खरखर ऐकू येऊ लागली. म्हणून नळीचे खोके बांधणाऱ्याने अनुस्पंदनाच्या किंचित खालचे स्वर कापणारी गाळणी, म्हणजे सबसॉनिक फिल्टर, असलेलाच अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. ज्याला हा व्याप नको त्याने सरळ बंद खोके बांधावे. त्यात अगदी खालचे स्वर थोडे कमी मिळतात, पण मापातील चूक बरीच पोटात घातली जाते.

दुरुस्ती करतानाही आतले माप आडवे आले. ६२ लिटरमध्ये २८ हर्ट्झ साधायचे तर नळी सुमारे ४५ सेंटिमीटर हवी आणि आतली जागा तर ४१ सेंटिमीटरच, त्यामुळे काटकोनी एल्बो जोडून ती वळवावी लागली. बारीक नळी घेतली असती तर ती आखूड ठेवून भागले असते, परंतु नळीतील हवेचा वेग सेकंदाला साधारण १७ मीटरच्या पुढे गेला की फुसफुस ऐकू येते, म्हणून तो मार्ग टाळावा लागला.

फटींचा प्रश्न पावसाळ्यात उभा राहिला. एमडीएफ घट्ट आणि एकजिनसी असल्याने खोक्यासाठी चांगले, पण त्याच्या कापलेल्या कडा टीपकागदासारखी ओल पितात; मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या फुगतात आणि सांधे सुटतात. सनमायका फक्त बाहेरून लावलेला होता, आतल्या कडा आणि ड्रायव्हरसाठी कापलेले गोल भोक कोरेच राहिले होते. वारंवारता वाजत असताना पेटती उदबत्ती सांध्यांवरून फिरवली तेव्हा मागच्या खालच्या कोपऱ्यात धुराची सरळ रेघ एकाएकी तुटून थरथरू लागली. सर्व कडांना आतून-बाहेरून सीलर फासणे आणि सांध्यांत गोंदाची सलग रेघ ओढणे हे काम रंगरंगोटीच्या आधीचे आहे. भिंतीला ओल धरणाऱ्या घरात जलरोधक प्लायवूड महाग पडले तरी परवडते.

विजेच्या बाजूबद्दल थोडक्यात सांगता येईल. चार-चार ओहमच्या दोन कॉइल एकामागोमाग जोडल्यास रोध ८ ओहम आणि शेजारी-शेजारी जोडल्यास २ ओहम होतो. चार ओहमपर्यंतच पेलणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला दुसरी जोडणी जाळते. २३० व्होल्टवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर उघडल्यास प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक असतो, हे विसरू नये.

खोके बिनचूक झाल्यावरही आणखी एक आतले माप उरते, ते खोलीचे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर साडेचार मीटर लांबीच्या खोलीत ३८ हर्ट्झचा स्वर दोन भिंतींमध्ये उभा राहतो, भिंतीलगत तो घुमतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. यासाठी सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवून स्वतः भिंतीकडेने रांगत ऐकावे आणि जेथे खालचे स्वर सर्वांत सारखे लागतील तेथे तो कायमचा मांडावा.

या सर्वांतून कामाचा क्रम निघतो. आधी ड्रायव्हरचे गुणांक, मग आतल्या हवेचे लिटर, त्यात ड्रायव्हर, आधार व नळी यांची जागा मिळवून आतली मापे, आणि त्यांत दोन्हीकडची फळीची जाडी मिळवून सर्वांत शेवटी सुताराला द्यायचे बाहेरचे माप. नळी आधी चार-पाच सेंटिमीटर लांब कापावी, गोंदाशिवाय बसवून साबुदाण्याची चाचणी घ्यावी आणि थोडी थोडी कमी करत जावे. नळी कापून आखूड करता येते, लांब करता येत नाही. सनमायका उदबत्तीची चाचणी पार पडल्यानंतरच लावावा. प्रस्तुत लेखकाच्या खोक्याला तो आधी लावला गेला, आणि एल्बो आत घालण्यासाठी मागची फळी कापावी लागली तेव्हा सनमायकासकट कापावी लागली.