वजन वर्गासमोर पुकारू नका

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात मी डॉक्टर आहे. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक नर्स आणि एक गाडी घेऊन आम्ही अंगणवाड्या वर्षातून दोनदा, शाळा एकदा तपासतो. २०१३ साली पालघरला हा कार्यक्रम सुरू झाला. आमची नजर घडली ती हडकुळी, रक्त कमी असलेली मुलं हेरायला, आणि ती गरज आजही संपलेली नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्याच पाहणीत जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण मात्र आधीच्या १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेलं. एकाच वर्गात, कधी एकाच घरात, दोन्ही टोकं भेटतात. हे लिहिते आहे ते या दुसऱ्या टोकाच्या मुलांसाठी, कारण त्यांच्याशी मोठी माणसं फार कठोर वागतात.

सातवीतल्या एका मुलीनं मला हे शिकवलं. आम्ही पोचण्याच्या बऱ्याच आधी त्या शाळेत कुणीतरी आरोग्य शिबिर भरवलं होतं. रांग लावून, वर्गासमोर, एकेकाचं वजन मोठ्यानं पुकारलं गेलं. तिचा आकडा ऐकून वर्ग हसला, आणि पुढे तोच आकडा तिचं नाव झाला. तिनं डबा खाणं सोडलं. भाजी-पोळी मैत्रिणींना वाटून टाकायची. संध्याकाळी घरी भूक अनावर व्हायची, तेव्हा पाच रुपयांचे पुडे, बिस्किटं, मिळेल ते. पळताना कुणी हसेल म्हणून खेळाच्या तासाला पोट दुखायला लागलं. वजन वाढतच गेलं. ज्यांनी ते पुकारलं त्यांना तिचं भलंच करायचं असेल, पण झालं ते असं.

तिची आई भेटली तेव्हा तिची तक्रार वेगळीच होती. "मॅडम, मान किती घासली तरी मळ जातच नाही." बेसन, लिंबू, शेवटी पायाची वज्रीसुद्धा लावून झाली होती. पोरीच्या मानेवर ओरखडे होते. ताई, तो मळ नसतो. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट, जाड, मखमलीसारखी होते, तेव्हा बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नसतं. शरीर मग ते जास्त तयार करतं, आणि त्या जादा इन्सुलिनमुळे कातडी जाडावते. अशी मान दिसली की घासणं थांबवा आणि उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून घ्या. या मुलीची साखर मधुमेहाच्या अलीकडे, पण नेहमीपेक्षा वर होती. वय बारा.

आपल्याकडे हे इतक्या लवकर का घडतं, याचा एक धागा पुण्याजवळच्या गावांतून मिळाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३पासून तिथल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास करत आले. आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी जन्मतात, पण कमी असतो तो स्नायू. चरबी त्या मानानं टिकून असते. अशा बाळाला नंतर भराभर गुटगुटीत करण्यात धोका असतो. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५च्या वाढीच्या तक्त्यांत जास्त वजनाची रेषा प्रौढांच्या २५ऐवजी २३ या बीएमआयशी जुळवली आहे. नातवंडाच्या गालांकडे बघून सुखावणाऱ्या आज्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते. त्यांची माया खरी असते, म्हणून त्यांना दटावून चालत नाही, शेजारी बसूनच सांगावं लागतं.

त्या मुलीला आम्ही औषध दिलं नाही, डाएटचा कागदही दिला नाही. एकट्या मुलासाठी वेगळं ताट वाढलं की ती शिक्षा होते. बदललं ते घर. चहाबरोबरचा बिस्किटांचा पुडा घरात येईनासा झाला, सगळ्यांसाठीच. चौघांच्या घराला महिन्याला दोन लिटर तेल ठरलं. तीनशे मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, म्हणजे मुलाच्या दिवसभराच्या वाट्यापेक्षा जास्त, हे वडिलांना चमच्यानं मोजून दाखवलं. तेच ती बाटली आणत होते. शाळेतून आल्यावर पोरीला भाकरी-पिठलं, उसळ, शेंगदाणे, केळं असं पोटभर काहीतरी समोर हवं, हे आईनं मनावर घेतलं, आणि पुड्यांची ओढ त्यानंच सर्वात जास्त कमी झाली. मोबाईल रात्री वडिलांच्या उशाशी गेला, झोप वाढली. चालायला आई-मुलगी दोघी जायच्या.

वजन घटलं का, असं सगळे विचारतात. घटलं नाही. उंची वाढली, वजन तिथेच राहिलं. वाढत्या वयाच्या बऱ्याच मुलांना एवढंच पुरतं. मानेचा काळेपणा सावकाश फिका होतो. त्याची घाई करू नका. चरबी वितळवणाऱ्या पावडरी, काढे, गोळ्या मुलांना अजिबात देऊ नका. मूल जाड आहे आणि वयाच्या मानानं बुटकंही आहे, झोपेत मोठ्यानं घोरतं, किंवा मुलीची पाळी सुरू होऊन सारखी लांबते, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञ गाठा.

घरानं केलेलं सारं शाळेच्या फाटकाशी पुसलं जाऊ शकतं. राज्य सरकारनं २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून जंक फूड हटवण्याचा आदेश काढला. २०२०च्या केंद्रीय नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि आवारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तरी कित्येक फाटकांबाहेर पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. टपरीवाल्याचंही पोट त्यावर असतं. म्हणून आधी शाळा व्यवस्थापन समितीनं त्याच्याशी बोलावं, चणे, शेंगा, फळं, राजगिऱ्याची चिक्की ठेवायला सांगावं. तरी ऐकलं नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी. सीबीएसईनं २०२५मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेला ते खडूनंही जमेल. आणि खेळाच्या तासाला गणित घेऊ नका, हात जोडून सांगते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास घामाघूम करणारी हालचाल हवी, आणि गावातल्या बऱ्याच मुलींना मैदान शाळेतच मिळतं.

शिक्षकांनो, आमचं पथक येईल तेव्हा एक खोली रिकामी ठेवा. वजनकाटा भिंतीकडे तोंड करून लावा, आकडा कार्डावर लिहा, उच्चारू नका, आणि मागच्या वर्षीचं कार्ड शेजारी असू द्या. एका आकड्यापेक्षा दोन वर्षांतला फरक आम्हाला जास्त सांगतो. पालकांना वेगळं बोलवा, जमलं तर वडिलांनाही.