मध्यमवर्गीय घराला गुंतवणूक परवडते काय?

"महिनाअखेर हातात काही राहत नाही, गुंतवणूक कशातून करायची?" हा प्रश्न लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारापासून उद्यमनगरातल्या लेथ चालविणाऱ्या कारागिरापर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. प्रश्न खोटा नाही. परंतु तो विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या घराचे महिन्याचे उत्पन्न नेमके किती, हे सांगता येत नाही. दुकानाची रोजची विक्री तोंडपाठ असते. घर कितीवर चालते, हे विचारले की अंदाज सुरू होतात.

गुंतवणुकीविषयी जे काही छापून येते ते बहुतेक नोकरदारांसाठी लिहिलेले असते. ठराविक तारखेला ठराविक पगार, त्यातून ठराविक बचत. आपला व्यापारी आणि कारागीर या चौकटीत बसत नाही. त्याचे उत्पन्न हंगामी असते. दुसरे असे की, व्याजाचा प्रश्न असल्याने बँकेतील मुदत ठेव हा नोकरदाराचा सर्वांत सोपा मार्ग तो टाळतो. हे योग्यच आहे. पण येथे स्वतःला एक कडू प्रश्न विचारला पाहिजे. व्याज घ्यायचे नाही म्हणून आपण ठेव ठेवत नाही. परंतु पावसाळ्यात धंदा मंदावला की त्याच व्याजाच्या पैशावर दुकान चालवितो, लग्नासाठी सावकाराकडे जातो, हप्त्यावर गाडी घेतो. म्हणजे व्याज घेण्याच्या गुनाहपासून वाचलो आणि देण्याच्या गुनाहमध्ये अडकलो, शिवाय खिसाही कापला गेला. आपल्या धंदेवाईक कुटुंबांत संपत्ती का साठत नाही, याचे मोठे कारण कमाई कमी असणे हे नसून हे गळणे आहे, असे आमचे मत आहे.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत.

समजा, एका नदाफ बांधवाचा गाद्या-उशांचा लहानसा कारखाना आहे. लग्नसराईचे सहा महिने सर्व खर्च जाऊन महिन्याला ४० हजार रुपये सुटतात. उरलेले सहा महिने, ज्यात पावसाळा येतो, १८ हजारच सुटतात. घरखर्च दरमहा २५ हजार. वर्षाचे उत्पन्न ३ लाख ४८ हजार, खर्च ३ लाख. म्हणजे वर्षाकाठी ४८ हजार शिल्लक राहिलेच पाहिजेत. प्रत्यक्षात राहत नाहीत. कारण मंदीत दरमहा ७ हजार कमी पडतात, ते ४२ हजार उधारी करून भागविले जातात. हंगामात दरमहा १५ हजार जास्त येतात, म्हणजे ९० हजार. त्यातून जुनी ४२ हजारांची उधारी फिटते आणि राहिलेले ४८ हजार "हंगाम चांगला झाला" म्हणून फ्रिज, मोबाईल, पाहुणचार आणि आहेरात जातात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उधारी.

या घराचा गल्ला आणि घर एकच आहे, हा खरा दोष. उपाय साधा आहे, करायला मात्र कठीण. मालकाने स्वतःला पगार लावून घ्यावा. महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकानातून घरात २५ हजार जातील. मुलाची फी असो वा मेहुण्याचे लग्न, मध्येच गल्ल्याला हात लावायचा नाही. हंगामात वरचे येणारे १५ हजार वेगळ्या खात्यात राहतील आणि मंदीत त्यातूनच ७ हजार निघतील. घरातील गृहिणीला हा आकडा सांगून टाकावा. आपल्या कित्येक घरांत पुरुष कमाईचा आकडा पत्नीपासून लपवितो आणि वर खर्च जास्त होतो म्हणून तक्रार करतो. जिला आकडा ठाऊक नाही ती काटकसर कशाची करणार?

असे केल्यास पहिल्या हंगामात जुनी उधारी फिटून ४८ हजार राहतील. त्यातले ४२ हजार त्या वर्षीचा पावसाळा खाईल, पण नवी उधारी होणार नाही. शिल्लक अवघी ६ हजार. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. दुसऱ्या हंगामात मात्र ९० हजार आणि हे ६ हजार, असे ९६ हजार हातात येतात. पावसाळ्याचे ४२ हजार बाजूला ठेवले तरी ५४ हजार मोकळे. तिसऱ्या हंगामात आणखी ४८ हजार. तीन हंगामांत १ लाख २ हजार रुपये, उत्पन्न एका पैशाने न वाढता.

आता हे पैसे कोठे घालावेत? शेअर, सोने, जागा, अशी नावे लगेच पुढे येतात. आमचे म्हणणे असे की पहिली गुंतवणूक आपल्याच धंद्यात, तीही उधारी तोडण्यासाठी करावी. हा कारखानदार कापूस आणि कापड मिळून ८० हजारांचा माल तीन महिन्यांच्या उधारीवर उचलतो असे धरा. उधारीचा भाव रोखीपेक्षा ४ टक्के चढा. सौदा ठरतानाच एक भाव पक्का झाला असेल तर उधारीचा भाव जास्त असणे बहुसंख्य फकीहांच्या मते जायज आहे, तेव्हा व्यापाऱ्याचा त्यात दोष नाही. पण तीन महिन्यांना ३,२०० म्हणजे वर्षाला १२,८०० रुपये जातात. तेच ८० हजार स्वतःचे घातले तर वर्षाला १६ टक्के वाचले. शेअर बाजारात १६ टक्क्यांची खात्री कोणी देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून दूर राहावे. शिवाय रोखीचा गिऱ्हाईक मालही निवडून घेतो, उधारवाल्याला जो मिळेल तो घ्यावा लागतो.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे जॉबवर्क करणाऱ्यांचे दुखणे उलट आहे. त्यांचा पैसा मोठ्या कारखान्यांकडे अडकतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी बिलाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; करार नसेल तर १५ दिवस. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. कायदा दाखवून गिऱ्हाईक तोडावे असे कोणी सुचविणार नाही, पण आपला हक्क ठाऊक असलेला माणूस बोलणी वेगळ्या तऱ्हेने करतो.

तथापि सगळा पैसा धंद्यातच ठेवणेही धोक्याचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराचे पाणी शहरात शिरले, तेव्हा ज्यांची सारी पुंजी दुकानातल्या मालात होती त्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. म्हणून उधारी तुटल्यावर वाचणारे वर्षाचे १२,८०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे हजार, धंद्याबाहेर न्यावेत.

आपल्याकडे बाहेर म्हणजे गुजरीत. सोन्याबद्दल दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. १९९० च्या सुमारास १० ग्रॅमला सव्वातीन हजारांच्या आसपास असलेले सोने २०२५ मध्ये लाखाच्या पुढे गेले, हे खरे. पण १९९६ मध्ये पाच हजारांच्या वर घेतलेले सोने २००१ मध्ये साडेचार हजारांनाही जात नव्हते, हे कोणी आठवत नाही. दागिना म्हणून घेतले तर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी आधीच गेले. मोडताना ते परत येत नाहीत. साज अंगावर शोभतो, गुंतवणूक म्हणून वळे किंवा नाणे बरे. आणि हनफी मसलकानुसार वापरातल्या दागिन्यावरही जकात आहे.

जकातीचा विषय निघालाच आहे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम. २०२५ मध्ये चांदी किलोला १ लाखाच्या वर गेली. लाखाचाच भाव धरला तर निसाब ६१ हजारांचा होतो. म्हणजे स्वतःला गरीब समजणारे आमचे कितीतरी बांधव शरीयतच्या दृष्टीने साहिबे-निसाब आहेत. पेटीत पडून राहिलेल्या ८० हजारांतून दरवर्षी २ हजार जकात निघते आणि महागाई आणखी खाते ते वेगळेच. यतीमांचा माल व्यापारात लावावा, नाहीतर जकातच तो संपवून टाकील, असा सल्ला हजरत उमर (रजि.) यांच्याकडून नकल केला जातो. पैसा हलता ठेवणे ही आपल्यासाठी नवी शिकवण नाही.

भिशी आपल्या ओळखीची आहे. वीस जणांनी हजार-हजार घालून चिठ्ठीने रक्कम उचलायची, यात व्याज नाही. लिलावाच्या भिशीत जो गरजू आहे तो घाटा सोसून आधी उचलतो आणि बाकीचे तो घाटा वाटून घेतात. ती वेगळी गोष्ट झाली, तिच्यापासून लांब राहिलेले बरे. साध्या भिशीतही पैसा वाढत नाही, फक्त एकत्र येतो. मालखरेदीच्या महिन्यात नंबर लागला तर उत्तम.

शेअर बाजाराला सरसकट जुगार म्हणण्याची पद्धत आहे. सकाळी घेऊन दुपारी विकणे, वायदे करणे, याबद्दल ते म्हणणे मान्य. परंतु कारखान्यात भागीदारी घेऊन वर्षानुवर्षे थांबणे हा मुशारकतीच्या जवळचा प्रकार आहे. दारू, व्याजी वित्तसंस्था वगैरे वगळून आणि कर्जाचे प्रमाण पाहून कंपन्या निवडणारे फंड आपल्या देशात आहेत. टाटा एथिकल फंड १९९६ पासूनच्या योजनेतून आलेला. निफ्टीतील शरीयत-संमत कंपन्यांचा ईटीएफ २००९ पासून आहे. या चाळणीविषयी उलेमांत मतभेद आहेत, तेव्हा आपल्या मुफ्ती साहेबांना विचारूनच पाऊल टाकावे. बाजार पडतो हेही ध्यानात असावे. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरपर्यंत साडेआठ हजारांच्या खाली आला होता. मुलीच्या पुढच्या वर्षीच्या लग्नाचा पैसा तेथे ठेवणे म्हणजे वेडेपणा.

दरमहा हजार रुपये वीस वर्षे घातले आणि वर्षाला १० टक्के वाढ मिळाली असे धरले, तर सुमारे साडेसात लाख होतात. जाहिराती येथेच थांबतात. महागाई ६ टक्के धरली तर वीस वर्षांनंतरच्या त्या साडेसात लाखांची आजच्या भावाने किंमत २ लाख ३५ हजारांच्या आसपासच आहे. त्यातून कोणी श्रीमंत होत नाही. मात्र दरवर्षी हप्ता १० टक्क्यांनी वाढविला, पहिल्या वर्षी हजार, दुसऱ्या वर्षी अकराशे असा, तर हीच रक्कम १६ लाखांपर्यंत जाते. १० टक्के वाढ मिळेलच याची हमी नाही. हप्ता वाढविणे मात्र आपल्या हातात असते.

हमीचा शब्द आला की सावध व्हावे. २०१८ मध्ये हीरा गोल्ड आणि २०१९ मध्ये बंगळूरची आयएमए, या दोन्ही प्रकरणांत "हलाल नफा" या शब्दावर हजारो मुस्लिम कुटुंबांनी आयुष्याची पुंजी दिली आणि ती अडकली. मुदारबतीत नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटला जातो आणि तोटा झाल्यास भांडवलवाल्याला सोसावा लागतो. जेथे दर महिन्याला ठराविक नफा येतो आणि तोटा कधीच होत नाही, तेथे मुदारबत नाही. एक तर व्याज आहे किंवा नव्या माणसाचे पैसे जुन्याला देणे चालले आहे. दाढी आणि जाहिरातीतली आयत पाहून ताळेबंद वाचायचे सोडू नये.

ज्या घराचा वर्षाचा हिशेब मांडूनही उत्पन्नापेक्षा खर्चच जास्त निघतो, त्याला गुंतवणुकीचा उपदेश करणे हा अन्याय आहे. त्याला कर्जे-हसना मिळाले पाहिजे, कारागिराला हत्यार आणि पहिला माल घेऊन देणारी जकात मिळाली पाहिजे. ती जबाबदारी वर ज्यांना साहिबे-निसाब म्हटले त्यांच्यावर येते.

शेवटी कागदपत्रांविषयी. खाते असो वा फंड, नॉमिनी लावलेला असावा आणि पत्नीला त्याची माहिती असावी. नॉमिनी म्हणजे मालक असा गैरसमज आहे. शेअरच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नॉमिनी केवळ रक्कम स्वीकारणारा असतो, वारसांचे हक्क कायम राहतात. म्हणजे थोरल्या मुलाचे नाव लावले तरी पत्नीचा आणि मुलींचा शरई हिस्सा बुडत नाही. हे थोरल्या मुलाला आजच, सर्वांसमोर सांगून ठेवावे.