मुग्धा, सही त्याला करू दे

रत्नागिरी

चि. मुग्धा,

परवा तुझ्या आईचा फोन आला. अंगात ताप, हाताला सलाइन आणि तू दवाखान्यातल्या कॉटवर बसून ज्युनियरचं बार बेंडिंग शेड्यूल तपासत होतीस म्हणे. वर असंही कानावर आलं, की ‘मॅडम माझी प्रत्येक ओळ पुन्हा लिहितात’ असं सांगून एक मुलगा काम सोडून गेला. खरं-खोटं तूच जाणे. पण प्रोजेक्ट मॅनेजर झालेल्या मुलीला तापातही सळ्या मोजाव्या लागत असतील, तर साइटवर बाकीची माणसं कशाला ठेवली आहेत?

रागावतोय, कारण हे घराण्यातलंच दुखणं आहे. तुझ्या आजोबांचा, म्हणजे अण्णांचा, छापखाना तू फोटोतच पाहिलास. गिऱ्हाइकाला दर सांगणार अण्णा, प्रुफं वाचणार अण्णा, कागदाच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याच कमरेला. सदूभाऊंची हयात मशीनवर गेली, पण साध्या लग्नपत्रिकेचा दर सांगायची त्यांना मुभा नव्हती. अण्णांना अर्धांगवायू झाला आणि वर्षभरात छापखान्याला कुलूप लागलं. तुझे बाबा, म्हणजे दादा, आणि मी तेव्हा विशीतले. दर कसा काढतात हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. छापखाना चालवायची मला फार हौस होती, ती राहून गेली.

आता याच्या उलट, आपल्या दारावरून जाणारी कोकण रेल्वे बघ. 1990 साली महामंडळ स्थापन झालं आणि भारतीय रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळुरूच्या वेशीपर्यंत सातशेहून अधिक किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, त्यातला आपला करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. श्रीधरन यांनी या मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण शंभर किलोमीटर आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. कामाबरोबर त्याला निर्णयाचे अधिकारही दिले.

स्वतः श्रीधरन यांनी डोळ्यांत तेल घालून सांभाळली ती मुदत. किती दिवस उरले हे दाखवणारी उलटी घड्याळं त्यांनी कामाच्या ठिकाणी लावली. पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती वारंवार ढासळली, मुदत लांबली. तरी जानेवारी 1998 मध्ये अख्ख्या मार्गावरून गाडी धावली.

त्यांनी माणसांना अख्खा टापू दिला. तू तुकडे देतेस. ‘एवढी मापं घे’, ‘एवढा मेल टाक’, आणि ठरवायचं सगळं स्वतःकडे. मग तुझ्या तापात साइट तुझ्याच उशाशी येणार.

पुढचा स्लॅब एका ज्युनियरच्या नावावर कर. सळ्यांमधलं अंतर, कव्हर ब्लॉक, सेंटरिंगचे टेकू, विजेचे पाइप, सगळं त्याने तपासायचं आणि पोअर कार्डवर पहिली सही त्याने करायची. काँक्रीट यायच्या आदल्या दुपारी तू ठरल्या वेळी एकदा जा आणि नीट बघ. कव्हर ब्लॉक निसटलेला दिसला तर त्याला दाखव, पण बसवू दे त्यालाच. आणि वरच्या साहेबांपुढे काही बिनसलंच, तर उत्तर तू द्यायचंस. त्याला पुढे करायचं नाही.

फार बोललो का गं? तू असं का करतेस ते मला ठाऊक आहे. साइटवर मुलीची एक चूक झाली की लोक वर्षभर बोलतात. शिवाय दादा गेला तेव्हा तू अकरावीत होतीस. बँकेच्या स्लिपा, विम्याचे कागद, धाकट्याची फी, सगळं तू एकटीने निभावलंस. आम्ही येण्याचीही तू वाट पाहिली नव्हतीस. दुसऱ्यावर विसंबायचं तुला कुणी शिकवलंच नाही, बाळा. ते आमचं काम होतं.

ताप उतरला का? आईला सांगायचं नसेल तर मला सांग. डॉक्टर म्हणतील तितके दिवस पडून राहा. आणि या गणपतीत पाच दिवस घरी ये. पनवेलहून तिकीट मी काढतो, तू फक्त तारीख कळव.

तुझा,
बापूकाका