दोन ट्यूबा की तीन?

सई, पॉन्टून घ्यायची म्हणतेस तर शोरूममध्ये शिरण्याआधी काकाचं ऐकून घे. तिथला विक्रेता तुला सोफे दाखवील, स्पीकर दाखवील, रात्री चमकणारे निळे दिवे दाखवील. तू खाली वाकून ट्यूबा बघ. पॉन्टून म्हणजे शेवटी हवाबंद ट्यूबांवर ठेवलेला ओटा. 1952 साली इथेच मिनेसोटात, रिचमंडच्या ॲम्ब्रोज वीअर्सने पोलादी पिंपांवर लाकडी फळ्या ठोकून तो पहिल्यांदा तरंगवला. आता ट्यूबा ॲल्युमिनियमच्या असतात, एवढंच.

दोन की तीन, हे तळं ठरवतं. घराजवळच्या लहान तळ्यावर सहा-सात जणांनी संथ फिरायचं असेल तर दोन ट्यूबा, वीस-बावीस फूट लांबी आणि 90 ते 115 हॉर्सपॉवरचं इंजिन पुष्कळ झालं. शनिवारी दुपारी मिनेटोंकावर मोठ्या बोटींच्या लाटा चारी बाजूंनी येतात. तिथे तिसऱ्या ट्यूबेचे पैसे सार्थकी लागतात. मुलांना मागे दोरीने ओढायचं असेल तरीही तीनच, आणि इंजिन 150च्या पुढचं. मात्र अशी बोट जड होते. तुमची गाडी तेवढा ट्रेलर ओढेल का, ते आधी बघ. मिल लॅक्ससारख्या उघड्या, उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा भराभर चढतात. त्या दिवशी ट्यूबा मोजत बसू नकोस, घरीच थांब.

विकत घेण्याआधी दोन्ही प्रकारच्या भाड्याने घेऊन बघ, आणि एकदा तरी वाऱ्याच्या दिवशी. पॉन्टून वर उंच आणि पाण्यात उथळ, त्यामुळे धक्क्याला लावताना वारा तिला बाजूला ढकलतो. ते जमतंय का, हे निवांत सकाळी कळत नाही. पुण्याहून सासूसासरे आले असतील तर त्यांनाही ने. सासरेबुवा पाण्यातून ओल्या अंगाने मागच्या शिडीवर चढू शकले, तर शिडी चांगली. पायऱ्या रुंद हव्यात, धरायला दांडा हवा. सावलीचं छत बहुधा अर्ध्याच बोटीवर असतं. दुसरं बसवता येईल का विचार.

बोटीवरच्या पाटीवर माणसं आणि वजन दोन्ही लिहिलेलं असतं. आपण वजनाकडे बघायचं. आपले डबे, कूलर, पाण्याचे कॅन हे कोण मोजणार? सगळ्यांना पुढच्या टोकाला फोटोसाठी उभं करू नकोस, नाक दबून लाट थेट आत येते.

एका बाबतीत मी खडूस आहे. बोट चालू असताना कुणीही पुढच्या दारापाशी पाय खाली सोडून बसायचं नाही. तिथून पडलेलं मूल बोटीखालून थेट पंख्याकडे जातं. दहा वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट इथल्या कायद्यानेच सक्तीचं आहे. पोहता न येणाऱ्या मोठ्यांना ते तू सक्तीचं कर. इंजिन चालू असताना मागच्या फळीवरही कुणी बसायचं नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जुनी घेणार असलीस तर पाण्यातली बोट बघून सौदा करू नकोस. एका बाजूला कललेली दिसली तर त्या ट्यूबेत पाणी शिरलंय असं समज. ट्रेलरवर चढवायला लाव आणि जोडांवरून हात फिरव.