नंबर पहिला, पण कुणामध्ये?

परीक्षेत नंबर लागतो तेव्हा सगळ्यांनी एकच पेपर सोडवलेला असतो. खेळात तसं नसतं. संघाचा पेपर म्हणजे त्याच्या वाट्याला आलेले प्रतिस्पर्धी, आणि ते प्रत्येकाचे वेगळे. तरीही शेवटी सगळ्यांना एकाच यादीत वर-खाली लावायचं असतं. ई-स्पोर्ट्समध्ये तर या यादीवर मोठ्या स्पर्धेचं निमंत्रण अवलंबून असतं. आणि निमंत्रणावर प्रायोजक, पगार सगळंच. म्हणून ही यादी बनते कशी आणि ती कितपत न्याय्य असते, ते या लेखात पाहू. गणित बारावीच्या पलीकडचं नाही, तेव्हा पान उलटू नका!

एलो पद्धत

बहुतेक रेटिंग पद्धतींचं मूळ बुद्धिबळात आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले आर्पाद एलो यांनी ही पद्धत बसवली. अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये आणि ‘फिडे’ने १९७० मध्ये स्वीकारली.

कल्पना सोपी आहे. सामन्याआधी दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून ‘अपेक्षित गुण’ काढायचे. प्रतिस्पर्ध्याच्या रेटिंगमधून आपलं रेटिंग वजा करा, त्याला ४०० ने भागा, १० चा तेवढा घात काढा, त्यात १ मिळवा आणि आलेल्या बेरजेने १ ला भागा. समजा आपलं रेटिंग १६०० आणि समोरच्याचं १४००. उत्तर येतं ०.७६. म्हणजे शंभरातले सुमारे ७६ गुण आपण मिळवणं अपेक्षित आहे. आता बदलाचा गुणक ३२ धरला, तर जिंकल्यावर आपल्याला ३२ × ०.२४ म्हणजे जेमतेम ८ गुण मिळतात. हरलो तर मात्र २४ जातात. दुबळ्याला हरवण्यात कौतुक नाही, पण त्याच्याकडून हरलात तर खिसा रिकामा!

बरोबरीचाही हिशोब असाच. २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखचे कोनेरू हंपीविरुद्धचे क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले (विजेतेपद तिने पुढे टायब्रेकमध्ये मिळवलं). हंपीचं रेटिंग जास्त होतं, म्हणून त्या बरोबरीतूनही क्लासिकल रेटिंगमध्ये फायदा दिव्याचाच.

बंद डबक्याचा प्रश्न

इथपर्यंत सगळं न्याय्य वाटतं. खरी गंमत पुढे आहे.

यंदा आमच्या होस्टेलच्या काउंटर-स्ट्राइक स्पर्धेचा हिशोब माझ्याकडे होता. ए ब्लॉकचे सहा संघ, बी ब्लॉकचे सहा. सुरुवातीला प्रत्येकाला १५०० गुण. सामने आपापल्या ब्लॉकमध्येच, कारण दोन्हींचे लॅन वेगळे. शेवटी दोन्ही ब्लॉकचे पहिले संघ १५९० च्या आसपास होते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी संघ जाणार होता एकच. मग मेसमध्ये जो वाद पेटला, तो विचारू नका!

या वादाचं उत्तर आकड्यांत नव्हतंच. एलोमध्ये, गुणक सर्वांना समान असेल तर, एकाने कमावलेले गुण दुसऱ्याने गमावलेले असतात. म्हणजे ए ब्लॉकची बेरीज कायम ९००० आणि बी ब्लॉकचीही ९०००. एका ब्लॉकमध्ये सगळे मुरलेले खेळाडू असोत आणि दुसऱ्यात सगळे नवशिके, सरासरी १५०० च राहणार. १५९० हा आकडा ‘किती चांगला’ हे सांगत नाही, फक्त ‘आपल्या डबक्यात किती वर’ एवढंच सांगतो.

उपाय एकच, दोन्ही ब्लॉकमध्ये सामने. ते आम्ही खेळवले, आणि थोडे नाही, प्रत्येक संघाचे निदान दोन. कारण एकच संघ बाहेर जाऊन हरून आला, तर त्याचे गुण कमी होतात, पण त्याच्या ब्लॉकमधल्या इतर संघांचा फुगवटा तसाच राहतो. तो उतरायला घरचे सामने पुन्हा व्हावे लागतात.

जागतिक पातळीवर हाच प्रश्न खंडांचा आहे. युरोपातले संघ बहुतेक वेळा युरोपातच खेळतात, आशियातले आशियात. सर्व्हर दूर असला की पिंग वाढतो, आणि विमानाचं तिकीट काही स्वस्त नाही. भेटीच कमी झाल्या तर तुलना कशावरून करायची?

न खेळण्याचा फायदा आणि संघाची ओळख

साध्या एलोत आणखी एक पळवाट आहे. वर पोचलात की खेळूच नका, गुण सुरक्षित! यावर मार्क ग्लिकमन यांच्या ‘ग्लिको’ पद्धतीत रेटिंगसोबत अनिश्चिततेचा आकडाही ठेवतात. संघ बसून राहिला की ती वाढते. मायक्रोसॉफ्टच्या ‘ट्रूस्किल’मध्ये नव्या खेळाडूचं कौशल्य २५ आणि अनिश्चितता २५ भागिले ३ धरतात. यादीसाठी कौशल्यातून अनिश्चिततेची तिप्पट वजा करतात, म्हणून नवा खेळाडू शून्यावर असतो. आधी सिद्ध करा, मग वर या!

दुसरं म्हणजे, संघ कोण? जर्सी की माणसं? पाचातले चार सोडून गेले तर जुने गुण कुणाचे? काउंटर-स्ट्राइकच्या जागतिक याद्यांमध्ये साधारणपणे पाचातले तीन जण कायम असतील तर संघ तोच मानतात. यामुळे गुण विकत घेणं अवघड होतं.

निमंत्रणाचं चक्र

माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय सूत्राबाहेर आहे. वरचा नंबर असेल तर निमंत्रण, निमंत्रण असेल तर बलवान प्रतिस्पर्धी, आणि बलवान प्रतिस्पर्धी असतील तरच मोठे गुण. जो आत आहे तो आतच राहतो. काउंटर-स्ट्राइकच्या काही मोठ्या लीगमध्ये तर भागीदार संघांना जागाच राखीव असत. ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने जाहीर केलं, की २०२५ पासून आयोजकांचे संघांशी असे खास व्यावसायिक संबंध चालणार नाहीत. प्रवेश एकतर कंपनीच्या क्रमवारीवरून किंवा खुल्या पात्रता फेरीतून. या क्रमवारीचं सूत्र सर्वांसाठी खुलं आहे, कुणीही हिशोब तपासू शकतो. हे फार चांगलं झालं. मात्र तिच्यात बक्षिसाच्या रकमेलाही वजन आहे, आणि पैसा जिथे प्रायोजक तिथेच जातो. लहान गावच्या गुणी संघाला खुली पात्रता फेरी हाच खरा दरवाजा उरतो.

आपल्यापुरतं काय?

थोडक्यात सांगायचं तर, गॅदरिंगच्या कुठल्याही स्पर्धेसाठी, मग ती कॅरमची का असेना, तीन गोष्टी पाळाव्यात. सूत्र स्पर्धेआधी नोटीस बोर्डावर लावावं. गटागटांत पुरेसे सामने झाल्याशिवाय दोन गटांतल्या आकड्यांची तुलना करू नये. आणि निदान एक जागा यादीबाहेरच्यांसाठी, खेळून मिळवण्यासाठी मोकळी ठेवावी. सूत्र कितीही हुशार असलं तरी जो सामना झालाच नाही, त्याचा निकाल त्याला ठाऊक नसतो.